पोटाची पानं

१

मुकुंदाचा दिवस गोळीनं सुरू व्हायचा. मोबाइलचा गजर वाजला की आधी गोळी, मग चूळ, मग बायकोशी बोलणं. किडनी बदललेला माणूस एखाद्या दिवशी देवाला हात जोडायला विसरला तर चालून जातं, गोळी विसरलेली चालत नाही. बाहेरून आलेलं ओळखायचं आणि हाकलून लावायचं, ही शरीराची जुनी खोड. ती मोडून काढणं हे त्या गोळ्यांचं काम. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "तुमच्या शरीराला आपलं-परकं कळू द्यायचं नाही. एवढं सांभाळलंत तर म्हातारे होऊन मराल." मुकुंदानं ते मनावर घेतलं. तसा तो मुळातच नेमाचा माणूस. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासून पास करायचं त्याचं काम, आणि घरीही त्याची नजर तशीच फिरायची. त्याची बायको मृण्मयी म्हणायची, "ह्यांनी पास केल्याशिवाय आमच्याकडं पोळीसुद्धा तव्यावरून उतरत नाही."

किडनी धाकट्या भावाची, चिन्मयची. ती पाठीत बसवत नाहीत. पोटात, उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला बसवतात. तिथं हात ठेवला की लागायची. मुकुंदाला बोलता बोलता तिथं हात ठेवायची सवयच लागली होती. घरात तिचं नावही 'चिनू' पडलं होतं. पैठणच्या शाळेत शिकवणारा खरा चिनू दर रविवारी फोन करायचा आणि "दादा, कसा आहेस?" असं चुकूनही विचारायचा नाही. "माझी कशी आहे?" म्हणायचा. "नीट सांभाळ बरं का. देऊन टाकली असली तरी माझी आहे ती." आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. आईला तो आई म्हणायचा नाही, "काय यमुनाबाई" म्हणायचा, आणि आई लटक्या रागानं फोन मुकुंदाकडं द्यायची.

गेल्या दिवाळीनंतर चिन्मय नाथसागरात पोहायला उतरला तो परत आला नाही. काठावर कपड्यांची घडी, वर चष्मा, शेजारी चपला. पट्टीचा पोहणारा होता. घसरला, की दमला, की मुद्दामच पुढं गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. भोई लोकांनी जाळी टाकली, गळ टाकले, काही लागलं नाही. पुढं धरण आटत गेलं. पाण्याखाली गेलेल्या गावांची जोती उघडी पडली, लोक मोटारी घेऊन ती बघायला जाऊ लागले. चिन्मय मात्र वर आला नाही.

२

त्या वर्षी पुंडलिकनगरात नळाला पाणी आठवडा उलटला तरी येत नव्हतं. शहर मात्र जालना रोडनं विमानतळाच्याही पुढं पसरत चाललं होतं आणि नव्या इमारतींची नावं सागर, सरिता, लेक व्ह्यू अशीच. लेक कुठं आहे ते बिल्डरला ठाऊक. गल्लीत टँकर आला की बायका गॅलरीतून आधी पाइप सोडायच्या आणि मग भांडायला खाली उतरायच्या.

"भाभी, एक घर एक ड्रम. ज्यादा नहीं मिलेगा," टँकरवाला म्हणायचा.

"अहो भाऊ, घरात पेशंट आहे. त्यांना पाणी जास्त लागतं," मृण्मयी म्हणायची.

"सगळ्याच घरात पेशंट हैं भाभी. कुठून आणू?"

अशा दिवसांत मुकुंदाच्या लक्षात ती गोष्ट आली. किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर आलं, हे मोजायला त्याला डॉक्टरांनी शिकवलं होतं. बाथरूममध्ये त्यासाठी रेघा मारलेलं प्लास्टिकचं भांडं होतं. हिशेब सोपा. प्यालो त्यापेक्षा बाहेर जरा कमीच येणार, बाकीचं घामावाटे जाणार. आणि मे महिन्यात, डोक्यावर पत्रे तापलेल्या कारखान्यात उभं राहणाऱ्याला तर घाम म्हणजे काय विचारता.

त्याला प्यालेल्यापेक्षा जास्त लघवी होत होती.

पहिल्यांदा त्याला वाटलं, मोजण्यात चूक झाली. मग वाटलं, आमटी, चहा, कलिंगड धरायचं राहिलं. तेही धरून पाहिलं. मग भांड्याच्याच रेघा चुकल्या असतील म्हणून त्यानं दुधाच्या पिशवीतलं दूध भांड्यात ओतून रेघ तपासली आणि त्याबद्दल बायकोच्या शिव्या खाल्ल्या. रेघ बरोबर होती. हळूहळू फरक वाढत गेला. दुपटीच्या घरात गेला. तहान मात्र वाढली नव्हती. ओठ कोरडे नव्हते, अशक्तपणा नव्हता. तो फक्त जात होता आणि येत होता, आणि प्रत्येक वेळी भांडं वरपर्यंत भरत होतं. जणू भरणारा तो एकटा नव्हता.

"फ्लश करू नका," मृण्मयी दाराबाहेरून ओरडायची. "धुण्याचं पाणी ठेवलंय बादलीत, तेच टाका. पाणी काय नळाला आहे?"

एकदा तिनंच ते भांडं उचललं आणि नाकाजवळ न्यायच्या आधीच थबकली.

"अहो, ह्याला वास येतोय."

"येणारच. अत्तर आहे का ते?"

"तसला नाही. विहीर उपसताना येतो ना तळाशी गेल्यावर, गाळाचा, तसला."

मुकुंदानं वास घेतला. तिचं खरं होतं.

३

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. साखर ठीक, रक्तदाब ठीक. किडनीचा रिपोर्ट बघून तर ते खूशच झाले.

"काय खाता काय हो? ही किडनी बसवली त्या दिवशीही इतकी छान नव्हती. दोघींचं काम एकटी करतीय."

"डॉक्टर, पण इतकं पाणी येतं कुठून?"

"तुम्ही पिता, तुम्हाला आठवत नाही. उन्हाळ्यात सगळे पितात."

मुकुंदाचा हट्ट म्हणून त्यांनी त्याला एक दिवस ठेवून घेतलं. नर्सनं स्वतः मोजून पाणी दिलं, स्वतः मोजून घेतलं. संध्याकाळी तिनं आकडा पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "काका, बाथरूममध्ये जाऊन नळाला तोंड लावलंत का?" त्या वॉर्डाच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं. ते तिच्याही लक्षात आलं, आणि तिनं भांड्याची रेघ पुन्हा एकदा वाकून पाहिली.

लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. संसर्ग नाही. नमुन्यात शेवाळाचे बारीक तंतू सापडले, बाटली अस्वच्छ असावी, कृपया नमुना पुन्हा द्यावा.

बाटली मुकुंदानं सील फोडून घेतली होती. तो माल तपासणारा माणूस. सील तुटलेलं आहे की नाही हे त्याला झोपेतही कळलं असतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं. मुकुंद हो म्हणाला, रिक्षानं घरी आला आणि पंख्याखाली बराच वेळ उजव्या बाजूवर हात ठेवून बसला. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं म्हणून रागही येत होता.

४

आईला त्यानं काही सांगितलं नव्हतं, पण घर केवढं, दोन खोल्यांचं. यमुनाबाईंना सगळं ऐकू जायचं.

"तो पाण्यातच आहे रे अजून," एका सकाळी त्या म्हणाल्या. हातात गव्हाचं सूप होतं, नजर खड्यांवर. "अग्नी मिळाला नाही त्याला."

"आई, देहच मिळाला नाही तर अग्नी कशाला देणार?"

"दामूला विचारलंय मी. देह मिळाला नाही तर करतात देह."

दामूमामा म्हणजे यमुनाबाईंचा भाऊ. पैठणला भिक्षुकी करायचा. एके काळी दोन्हीकडच्या घराण्यांत हेच काम होतं. मुकुंदाच्या वडिलांनी ते सोडून कचेरीत कारकुनी धरली, आणि मुकुंदाला तर आता संध्येची पळी कोणत्या हातात धरायची तेही आठवत नव्हतं.

"वर्ष व्हायच्या आत करून टाकू," यमुनाबाई म्हणाल्या. मग सूप खाली ठेवलं. "मीच लावलं होतं त्याला द्यायला. तुला आठवतंय ना? तो घाबरला होता. चोवीस वर्षांचं पोर. मी म्हटलं, एवढं कर माझ्यासाठी, मोठा वाचेल. वाचलास तू. आणि त्याला कुणी मुलगी दिली नाही. 'पोराचं काहीतरी काढलंय म्हणे.' धडधाकट पोर, पण लोकांच्या लेखी पुरतं नव्हतं. एकदा तुझ्यासाठी त्याचं घेतलं. आता त्याचं काही देणं आहे की नाही?"

 हे मुकुंदानं स्वतःलाही इतक्या उघडपणे कधी सांगितलं नव्हतं.

५

पळसाची पानं कन्नडच्या घाटातून मागवली होती. दामूमामाच्या पडवीत ओल्या फडक्याखाली त्यांचा ढीग होता. यमुनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मृण्मयीला नोकरीतून सुट्टी मिळाली नाही म्हणून ती आली नव्हती.

विधी काय ते मामानं थोडक्यात सांगितलं. देह नाही तर पानांचा देह करायचा. शास्त्रानं नेमून दिलंय, इतकी पानं डोक्याची, इतकी मानेची, छातीची, पोटाची, हातापायांची. दर्भावर मांडायची, लोकरीच्या दोऱ्यानं बांधायची, जवाच्या पिठानं लिंपायची. डोक्याला नारळ. मग तोच चिन्मय. त्याला अग्नी द्यायचा.

"मामा, एक विचारू का?" मुकुंद म्हणाला. "त्याचं एक माझ्यात आहे. ते चालू आहे. मग देह पुरता करायचा, की तेवढा सोडून?"

दामूमामा पानं पुसता पुसता थांबला. "हे आमच्या पोथीत नाही रे बाबा. पोथी लिहिली तेव्हा कुणी कुणाचं काढून कुणाला बसवत नव्हतं."

"मग?"

"मग पुरताच करायचा. अर्धामुर्धा माणूस अग्नीत कसा द्यायचा? तुझ्या पोटात आहे ते तुझं. दिलं म्हणजे दिलं, दान काय परत घेतात?"

'देऊन टाकली असली तरी माझी आहे ती.' मुकुंदाच्या कानात ते हसणं वाजलं.

मामा जुड्या करून देत होता, मुकुंद बांधत होता. डोकं झालं, मान झाली, छाती झाली. पानांचा माणूस जमिनीवर लांब होत चालला. चिन्मय होता तेवढाच लांब होतोय हे मुकुंदाच्या लक्षात आलं. त्यानं मापं घेणं सोडून द्यायचा प्रयत्न केला.

पोटाची जुडी हातात आली तेव्हा मामा आत गंध उगाळायला गेला होता.

मुकुंदाचा ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. हे त्यानं येताना गाडीत स्वतःला दोनदा बजावलं होतं. आईच्या समाधानासाठी करायचं, संपलं. पण विश्वास नसलेला माणूसही लिफ्टमध्ये चढताना क्षणभर खाली बघतोच. पुरता चिन्मय जाळायचा म्हणजे पोटही जाळायचं, आणि पोटात उजवीकडं जे असायला हवं तेही. ते जळताना इकडं त्याच्या कमरेच्या हाडाआड काय होईल? काही होणार नाही. बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक'पाशी तो अडला. आपण मेलो तर, एवढंच त्याला दिसत होतं. मृण्मयी, घराचे हप्ते, सगळं नंतर, आधी नुसतं मरण दिसत होतं.

त्यानं जुडीतली काही पानं ओढून काढली, दुमडली आणि नेसत्या धोतराच्या आत कमरेला खोवली. उरलेली नीट पसरून बांधली. बाहेरून कळत नव्हतं.

मामा गंध घेऊन आला. पुतळ्याकडं बघत राहिला. "पोट जरा बसल्यासारखं वाटतंय का रे?"

"पिठानं भरून येईल," मुकुंद म्हणाला.

पिठानं भरून आलं.

नदीचं पात्र कोरडं होतं. चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. पात्रात पाणी नाही म्हणून बाटलीतल्या पाण्यानं प्रोक्षण झालं. पानं ओली असतील, पेटायला वेळ लागेल, असं मामा म्हणाला होता. पण पुतळा एकदम पेटला आणि बघता बघता राख झाला. मुकुंद पोटावर हात धरून उभा होता. काही झालं नाही. दुखलंही नाही. सुटलो, असं त्याला वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

परत येताना बिडकीनच्या पुढं यमुनाबाईंना डुलकी लागली, तेव्हा त्यानं काच खाली करून ती पानं बाहेर सोडून दिली.

६

दुसऱ्या दिवसापासून माप जागेवर आलं. प्यालेलं तितकं, त्याहून जरा कमीच. वास नाही. मुकुंदानं भांडं उजेडात धरून पाहिलं, स्वच्छ पिवळं. त्या दिवशी त्यानं कारखान्यात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाला, उन्हाळ्याचे.

आठवडाभर तो खरोखर सुखात होता. मग मृण्मयीनं एकदा चहाचा कप देताना त्याचा हात धरला.

"कपडे धुतलेत का तुम्ही?"

"मी? कधी धुतो?"

"मग बोटं अशी का झालीत?"

त्यानं बघितलं. दहाही बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. नदीवर तासन्‌तास डुंबून आलेल्या पोरांची होतात तशी. घरात सकाळपासून नळाला थेंब नव्हता. अंघोळही त्यानं तांब्याभर पाण्यात उरकली होती.

त्यानं हात पंच्याला पुसले. कोरडेच होते. दुपारपर्यंत सुरकुत्या गेल्या नाहीत. रात्री मोजे काढले तेव्हा पायांची बोटंही तशीच होती.

डॉक्टर म्हणाले, त्वचेचं असेल, मलम लिहून देतो. मुकुंद थंडी वाजते म्हणाला. बाहेर झाडांची पानं उन्हानं करपत होती. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. फक्त पोटाच्या उजव्या बाजूला हात लावला तेव्हा त्यांनी तो जरा लवकर काढला.

"इथं गरम आहे तुम्हाला. बाकी सगळं गार." मग हसले. "आमची किडनी तेवढी मजेत आहे म्हणायची."

७

पुढं कान बसले. दडे बसल्यासारखं व्हायचं. समोरचा माणूस बोलायचा आणि त्याचा आवाज लांबून, जाडजूड होऊन यायचा. मधूनच एक घुमल्यासारखा नाद. मुकुंदानं तो ओळखला आणि ओळखल्याचं कुणाला सांगितलं नाही. लहानपणी दोघं भाऊ पाण्याखाली डोकं घालून, कोण जास्त वेळ राहतो म्हणून पैज लावायचे. तेव्हा हाच नाद यायचा. पैज नेहमी चिन्मय जिंकायचा.

गंमत म्हणजे लोकांना तो आवडू लागला होता. कारखान्यातला कडुबा, जो इतकी वर्षं त्याला मागून 'मास्तर' म्हणून चिडवायचा, तो एकदा पाठीवर थाप मारून म्हणाला, "साहेब, काय बदललात हो! लई हसवता आजकाल. पहिलं तोंडात तुमच्या कुलूप असायचं."

"मी काय बोललो?"

"आता! तुम्हीच इचारता व्हय?" कडुबा पोट धरून हसला.

मुकुंदाला ते आठवत नव्हतं, असं नाही. आठवायचं. पण बोलणं आधी होऊन जायचं आणि त्याला नंतर ऐकू यायचं. शब्द तोंडातून सुटायचे, आणि तो लांबवर, कुठंतरी खाली, ते ऐकत असायचा. हाताचंही तसंच. हात चष्मा काढून घडी केलेल्या शर्टावर ठेवायचे. मोटारसायकल पूर्वी कधी पळवली नव्हती तशी पळवायचे. त्याला आपल्या हातांना 'थांबा' म्हणावं लागायचं, आणि ते थांबायचे, पण वेळ लावून.

तो गोळ्या घेत होता. गजर झाला की गोळी. एका सकाळी गोळी हातात धरून तो बसून राहिला. शरीराला आपलं-परकं कळू द्यायचं नाही. इतकी वर्षं त्यानं हे शरीर ह्याच शिकवणीत वाढवलं होतं, कोणी आत आलं तर ओळखू नको, अडवू नको. आता ते कोणाला अडवणार? गोळी टाकून द्यावी, असं त्याच्या मनात आलं. मेलो तर मेलो, निदान आपण मरू.

हात वर गेला आणि गोळी तोंडात पडली. पाण्याचा घोटही घेतला गेला.

मृण्मयीला तो त्या दिवशी म्हणाला, "मला काहीतरी होतंय." ती भाजी चिरत होती. तिनं वर पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. त्याला ते गालांत जाणवत होतं. काढता येत नव्हतं.

"काय होतंय? बरेच तर दिसताय," ती म्हणाली, आणि तीही हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती त्याच्याकडं बघून इतकं मोकळं क्वचितच हसली होती. मुकुंदाला रडू आलं. ते वर पोचलं नाही.

८

मृग कोरडा गेला. रविवारी दुपारी टँकर आला म्हणून मृण्मयी खाली गेली. यमुनाबाईंनी मुलाला ताट वाढलं. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. समोर बसल्या.

"कसं झालंय?"

"एक नंबर," मुकुंदाचं तोंड म्हणालं. वांगं मुकुंदाला कधीच आवडायचं नाही. तो मोठे मोठे घास घेत होता.

यमुनाबाई बघत होत्या. जेवढा वेळ आई मुलाला जेवताना बघते त्याहून जरा जास्तच.

"पडवीत तू पानं काढलीस," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं. दामूला बोलले नाही."

तो जेवायचा थांबला. मुकुंदानं जिवाच्या आकांतानं जोर लावला. हीच वेळ होती. आई, मी घाबरलो होतो, मामाला बोलाव, काढली तेवढी पानं नव्यानं जाळायला सांग, मला वर काढ. शब्द तयार होते. वरून पाण्याचं ओझं होतं.

"म्हटलं, तेवढा तरी राहू दे माझ्याजवळ," यमुनाबाई म्हणाल्या.  मग त्यांनी हळूच, एखादं दार वाजवून बघावं तशी, हाक मारली. "चिनू?"

"काय यमुनाबाई," लगेच उत्तर आलं.

त्यांनी पदर तोंडावर घेतला.  खाली गल्लीत बायकांचा गलका चालला होता, ड्रममध्ये पाणी पडत होतं. पदर खाली आला तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा, काय सांगावं, चेहरा सणाच्या दिवशीसारखा झाला होता.

"आणि मुकुंदा कुठंय?"

"पाण्यात."

"हाका मारतोय का?"

"मारतोय."

यमुनाबाईंनी मान फिरवली. जणू त्यांनाही ऐकू येतंय का ते बघत होत्या. मुकुंदानं जेवढा श्वास नव्हता तेवढा लावून 'आई' म्हणून हाक मारली. त्या काळोखात, गाळात, थंड पाण्यात त्याचं तोंड भरून आलं. खूप वर, खूप लांब, आईची सुरकुतलेली मान एवढी त्याला दिसली. ती त्याच्याकडं वळली नाही.

"फार गार असेल का रे तिथं?"

"सवय होते."

 यमुनाबाई डोळे पुसून उठल्या, तव्यावरची भाकरी उलटली, परत आल्या. त्याच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी धाकट्याच्या फिरवायच्या तसा, उलट्या बाजूनं.

"दामूला फोन लाव संध्याकाळी. त्याचंही करून टाकू," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला पानं पुरती घालायला सांगते." आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.